पगार घटला, कपडे थांबले, मग किराणा का हटत नाही? (वही समोर ठेवून विचारतेय)

वहीवाली (ऐरोली)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण त्यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चालू आहे, म्हणून इथे मांडते.

लग्न झाल्यापासून, म्हणजे २००८ पासून, मी खर्चाची वही लिहिते. फोनवर नाही, साधी दोनशे पानी लाँगबुक. दर वर्षी एक. २०१२ची वही अजून आहे, जूनच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. कोणाचं ते माहीत आहे, चिरंजीव तेव्हा तीन वर्षांचे होते. घरात आम्ही चौघं: नवरा, मी, मुलगा (आता सोळा पूर्ण) आणि सासूबाई. सासरे २०१० ला गेले. घर त्यांनी घेतलेलं, सिडकोचं, त्यामुळे भाडं नाही आणि हप्ताही नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रश्न तोच येईल.

जून २०१२ : घरात येणारे पैसे २४,०००, एकट्या नवऱ्याचे. किराणा, दूध, भाजी, मासळी मिळून ८,९०० आणि बाहेरचं खाणं ४००. म्हणजे खाण्यावर ९,३००. कपड्यांचा वर्षाचा खर्च ९,०००, महिन्याला ७५० पडले.

जून २०२३ : येणारे ७८,०००. त्यात त्याचे ६१ आणि माझे १७ (मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे). किराणा वगैरे १७,५००, बाहेरचं ६,८००. एकूण २४,३००. कपडे महिन्याला ३,९००.

आता : ठाणे-बेलापूर पट्ट्यातली त्याची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली. सतरा वर्षं होता तिथे. सध्या एका गोदामात कंत्राटावर सुपरवायझर आहे, ३४,०००. माझे १९. एकूण ५३,०००. किराणा वगैरे १९,६००, बाहेरचं ३,१००, म्हणजे २२,७००. कपडे १,१५०.

आता माझं गणित बघा. उत्पन्नातला खाण्याचा वाटा २०१२ ला ३८.७५ टक्के होता, २०२३ ला ३१ वर आला आणि आता जवळपास ४३! म्हणजे आम्ही २०१२ पेक्षाही गरीब झालो का? नवऱ्याच्या मते उत्तर सोपं आहे, माझा हात सैल सुटलाय. २५ हजारांनी पगार कमी झाला आणि किराणा उलट २,१०० नी वाढला, हे त्याने वहीतूनच मला दाखवलं. माझ्याच वहीतून! वर टीव्हीवाले सांगतात, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महागाई पाव टक्क्यावर आली. मग तर माझी बोलतीच बंद.

कपड्यांचं मात्र नवल वाटतं. २०१२ ला दिवाळीच्या आधीचा एक रविवार ठरलेला असायचा. ऐरोलीहून गाडीने ठाणे, गोखले रोड, घामाने भिजून पाच तास. नवऱ्याला पँटपीस-शर्टपीस आणि शिंप्याकडे वेळेत टाकायची घाई, सासूबाईंना सुती साडी, मुलाला दोन बोटं मोठा ड्रेस, मला एक साडी. वर्षाचं कापड तेवढंच, बाकी शाळेचा गणवेश. २०२३ च्या वहीत दिवाळी शोधावी लागते. दर आठवड्याला दारात पुडकं. २९९, ३९९, ३४९. एकाही पुडक्याला ‘खरेदी’ म्हणावंसं वाटलं नाही आणि वर्षाला ४६,८०० गेले. आता पुडकी बंद केली तर घरात कोणाला कळलंसुद्धा नाही. मुलाचं कपाट आवरताना मोजले, १९ टी-शर्ट. घालतो पाच. नवऱ्याच्या दोन शर्टांच्या कॉलर विरल्या होत्या, त्या उलटवून आणल्या, ८० रुपयाला एक. अशी कामं करणारा शिंपी अजून मिळतो, हे मला माहीतच नव्हतं.

तर प्रश्न : कपडे तिपटीने कमी झाले आणि कोणाला जाणवलं नाही. मग खाणं का हलत नाही? कुठे गळतंय?

घणसोलीचा_गण्या

ताई, एवढी मोठी पोस्ट कशाला? बाहेरचं खाणं बंद, फोनमधली जेवण मागवायची ॲपं उडवा. ३,१०० सरळ वाचले. आणि लाडकी बहीणचे १,५०० घेता की नाही? २०२४ च्या जुलैपासून मिळताहेत. झाले ४,६००. पुढचा प्रश्न?

वहीवाली

@गण्या, भाऊ, लाडकी बहीणला कुटुंबाची वर्षाची मर्यादा अडीच लाख आहे. आमचे ५३ गुणिले १२ करून बघ. आणि ॲपं तर २०२४ च्या डिसेंबरातच उडवलीत, म्हणून तर ६,८०० चे ३,१०० झाले. त्या ३,१०० मध्ये काय आहे तेही सांगते : नवऱ्याचा गोदामाबाहेरचा चहा आणि सकाळचा वडापाव, दिवसाला ५० धरून २६ दिवसांचे १,३००. मुलाचे क्लासच्या खाली १,०००. आणि महिन्यातून एक रविवार चौघांची मिसळ नाहीतर डोसा, ८००. यातलं काय बंद करू? सासूबाई त्या रविवारची वाट पाहतात रे.

अर्थशास्त्र_अकरावी (वाशी)

वहीवाली ताई, तुमचा प्रश्न मी उद्या वर्गात वापरणार आहे (नाव न सांगता).

आधी एक चूक दुरुस्त करू. तुम्ही खाण्याच्या खर्चाला उत्पन्नाने भागलंय. सरकारी पाहणीत घराच्या एकूण खर्चाने भागतात. हा फरक किरकोळ नाही. २०२३ ला तुम्ही नक्की बरेच पैसे बाजूला टाकत असणार, आणि आता कदाचित मोडून खात असाल. बचत वजा करून पुन्हा भागा.

या वाट्याला एवढं महत्त्व का, तर १८५७ साली एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. (मार्क्सचा मित्र तो एंगल्स वेगळा. वर्गात दर वर्षी हे सांगावं लागतं.) त्याला दिसलं की कुटुंब जितकं गरीब तितका खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. उत्पन्न वाढलं की अन्नावरची रक्कम वाढते, पण वाटा घसरतो. आपल्याकडेही तेच झालं. १९९९-२००० मध्ये शहरी घरं खर्चातले ४८ टक्के अन्नावर घालवत, २०११-१२ ला ४२.६ आणि २०२३-२४ च्या पाहणीत ३९.७. त्यातही धान्य पार आकसलंय. वाढलंय ते तयार खाणं, पेयं, पुड्यातलं. शहरात अन्नाच्या सगळ्या पोटगटांत आता सर्वांत मोठा तोच आहे.

तुमच्याकडे झालंय ते उलट दिशेने. उत्पन्न वर जाताना माणूस ज्या पायऱ्या चढतो त्याच पायऱ्यांनी उतरत नाही. कपडे पुढे ढकलता येतात, कारण १९ टी-शर्ट आधीच कपाटात आहेत. ते एक प्रकारचं साठवलेलं उत्पन्न झालं. पोळी साठवता येत नाही.

दुसरं, २०१२ शी तुलना. किरकोळ महागाईच्या ज्या निर्देशांकात २०१२ म्हणजे १०० धरलेत, तो २०२५ पर्यंत दुपटीच्या जवळ पोचला. म्हणजे तेव्हाचे २४ हजार आजचे साधारण ४७ हजार. तुमचे आजचे ५३ त्यापेक्षा थोडेसेच जास्त. गरीब नाही झालात, पण मधली दहा वर्षं पुसल्यासारखं वाटत असेल तर ते वाटणं खोटं नाही.

आणि तो पाव टक्का. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं नाही, वाढ जवळजवळ थांबली. भाज्या आणि डाळी खरंच उतरल्या. तेल मात्र नाही. तुमच्या वहीत तेल बघा.

वहीवाली

सर, तेल पाहिलं. २०२४ च्या गणपतीत सूर्यफुलाची पिशवी ११८, त्याच दिवाळीत १४२! चकलीच्या पानावर मी चक्क ‘दुकानदार लुटतो’ असं लिहिलंय.

अर्थशास्त्र_अकरावी (वाशी)

दुकानदाराची माफी मागा. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. आपण निम्म्याहून जास्त तेल आयात करतो.

वहीवाली

बरं, भागाकार पुन्हा केला. २०१२ ला महिन्याला दोनेक हजार भिशीत टाकायचे, म्हणजे खर्च २२,०००. खाण्याचा वाटा ४२.३. २०२३ ला १५,००० बाजूला जायचे, खर्च ६३,०००. वाटा ३८.६. आता महिन्याला तीनेक हजार ठेवीतून काढतोय, खर्च ५६,०००. वाटा ४०.५.

म्हणजे ३१ वरून ४३ अशी उडी दिसत होती ती ३८.६ वरून ४०.५ निघाली. जरा हायसं वाटलं. पण नवऱ्याचा मुद्दा तसाच उभा आहे, किराणा २,१०० नी का वाढला?

पोळीभाजी_नौपाडा

मला टक्के कळत नाहीत, पोळ्या कळतात. चौदा वर्षं केंद्र चालवते.

ताई, तुमचा मुलगा सोळाचा आहे. माझ्या दोन मुलांना या वयातून काढलंय. क्लासवरून आल्यावर उभ्याउभ्या डबे उघडतात ना? शेव संपते, दाणे संपतात, नाचणीच्या बिस्किटांचा पुडा संपतो, आणि साडेआठला म्हणतात ‘जेवायला काय?’ तुमचा किराणा तिथेच गेलाय अर्धा. त्याला ओरडू नका. पाच वाजता पोटभरीचं काहीतरी तयार ठेवा. मी भाजणी करून ठेवते, गिरणीवाला दळायचे किलोला दहा घेतो. दोन थालीपिठं पोटात गेली की क्लासखालचा फ्रँकीवाला आपोआप सुटतो. सगळा नाही, अर्धा सुटला तरी पाचशे.

वाशीच्या मार्केटला जाऊन घाऊक भाजी आणा असं कोणी तरी सांगेलच, म्हणून आधीच सांगते : चौघांच्या घराला परवडत नाही. कांदे-बटाटे-लसूण पाच-सहा घरांनी मिळून आणले तर ठीक. पालेभाजी आणाल तर तिसऱ्या दिवशी फेकाल. माझा रोजचा खप आहे म्हणून मला जमतं.

आणि एक विचारू? किलो कणकेत माझ्या २६ घडीच्या पोळ्या होतात. रोजची गिऱ्हाइकं किती खातात मला पाठ असतं. कोणाकडे नवीन डबा सुरू झाला की मला आटा संपण्यावरून कळतं, वहीवरून नाही. तुमच्या नवऱ्याचा दुपारचा डबा आधी कोण द्यायचं?

ता. क. कॉलर उलटवणारा शिंपी कुठे बसतो ते सांगा. आमच्या ह्यांचे चार शर्ट पडून आहेत.

वहीवाली

डबा? डबा नेतच नव्हता तो. कंपनीचं कँटीन होतं ना.

अगं बाई.

निवृत्त_वागळे

मी दोन दिवस हा धागा वाचतोय आणि वाट बघत होतो की हे कोणी तरी विचारेल. पोळीभाजीवाल्या ताई, तुम्ही आमच्या युनियनमध्ये हव्या होतात.

मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बारा कामगार समितीवर. आता तिथे काचेची इमारत आहे, आत काय चालतं मला कळत नाही. पगारवाढीच्या वाटाघाटी म्हणजे आमचा मुख्य उद्योग. व्यवस्थापन पगाराचे आकडे टाकायचं आणि आम्ही टेबलावर कँटीन ठेवायचो. तरुण पोरं चिडायची, ‘काका, जेवणाचं काय घेऊन बसलात, रोख मागा.’ त्यांना सांगायचो, रोख पहिल्या तारखेला घरी जाते आणि पाचव्या तारखेला संपते. कँटीनची भाकरी रोज मिळते, त्यावर कर नाही आणि महागाईने ती लहान होत नाही.

कारखाना कायदा १९४८, कलम ४६. आमच्या वेळी त्यात होतं, अडीचशेच्या वर कामगार असतील तर कँटीन हवंच. दर ठरवताना काही खर्च त्यात धरायचे नसत, ते मालकाने सोसायचे असत. त्यामुळे ताट कामगाराला नाममात्र पडायचं. वहीवाली, नवऱ्याच्या जुन्या पगारपत्रकावर बघा, कँटीनच्या नावाखाली किती कापायचे ते.

आता तुमच्या वहीचं बोलू. त्याचा पगार तुम्ही ६१ हजार लिहिलाय. तो ६१ नव्हता. दुपारचं जेवण, दोन चहा, सकाळचा नाश्ता हे सगळं त्या ६१ च्या बाहेर होतं, वहीत कधी आलंच नाही. वर्षाला दोन जोड युनिफॉर्म, सेफ्टी शूज, महिन्याचा साबण, टॉवेल. आमच्याकडे फाउंड्रीवाल्यांना गूळसुद्धा मिळायचा, धुळीचं काम म्हणून. हे सगळं घरात यायचं पण जमेला नाही आणि खर्चालाही नाही. कंपनी गेली तेव्हा पगार गेला हे वहीला कळलं. ताट गेलं हे कळलं नाही, ते तुमच्या किराण्यात येऊन बसलं. आणि नवरा म्हणतो हात सैल!

कपड्यांचंही तेच. १,१५० मधले किती त्याच्या शर्ट-पँटचे आहेत ते मोजा. आधी त्याला शर्ट लागतच नव्हते, निळा डगला होता.

या निमित्ताने एक जुनी गोष्ट. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कसं मोजायचं हे ठरलं. कमावत्या माणसामागे तीन ‘खाणारी तोंडं’ धरायची : पुरुष १, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रत्येकी. (बाईला ०.८ का, यावर आमच्या सौभाग्यवतीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. परिषदेत मी नव्हतो हे सांगून उपयोग झाला नाही.) तोंडामागे २,७०० कॅलरी. आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, म्हणजे सुमारे ६६ मीटर. पुढे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यासाठी किमान वेतनात आणखी २५ टक्के घातले. ७२ वार आम्हाला तोंडपाठ होते. साडीला साडेपाच-सहा मीटर, शर्टाला सव्वादोन, पँटीला सव्वा. चादरी त्यातच, उशांचे अभ्रे त्यातच. तुमचा २०१२ चा तो दिवाळीचा रविवार म्हणजे ७२ वारांचाच हिशोब होता. पुढच्या पुडक्यांना वार लावता येत नाहीत.

तेच तोंडांचं माप तुमच्या घराला लावा. २०१२ : नवरा १, तुम्ही ०.८, सासूबाई ०.८, पोरगा ०.६. झाले ३.२. आज पोरगा पूर्ण १, म्हणजे ३.६. आणि २०२३ ला कामाच्या दिवशी दुपारी नवरा तुमच्या चुलीवर नव्हताच. माणसं तीच चार, पण चूल तीच नाही.

घणसोलीचा_गण्या

काका, आमच्या ऑफिसात कॉफी फुकट आहे, ती पण पगारात धरू का?

निवृत्त_वागळे

जरूर धर. बंद झाली की कळेल.

अर्थशास्त्र_अकरावी (वाशी)

काका, मला हे सुचायला हवं होतं. आम्ही याला वस्तुरूप उत्पन्न म्हणतो, परीक्षेत दोन गुणांना येतं. दोन गुण लिहिणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी ते ताट जातंय हे कधी विचारलं नाही.

ताई, मघाशी कपड्यांवर बोलायचं राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के झालाय. आधी हजाराच्या वर १२ होता.

वहीवाली

सर, आमच्या घरात हजाराच्या वरचा कपडा शेवटचा नवऱ्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात आला. आमचा ५ टक्के आधीही ५ च होता. पनीरवरचा कर मात्र शून्य झाला म्हणतात, तिथे थोडं सुटेल. सासूबाईंना डॉक्टरांनी प्रथिनं सांगितलीत.

आता ऐका. काल रात्री पगारपत्रकांची फाइल काढली. काका, ५२ रुपये! महिन्याला. म्हणजे दिवसाला दोन. सतरा वर्षं माझ्या नजरेसमोर तो कागद होता. मी पीएफ बघायचे, इन्कमटॅक्स बघायचे, ५२ रुपयांवर कधी बोट ठेवलं नाही.

मग पोळीभाजी ताईंसारखं पोळ्यांपासून सुरुवात केली. त्याचा डबा : तीन पोळ्या, भाजी, डाळ-भात, लिंबाची फोड, कधी अंडं. गॅस न धरता ५५ रुपये पडतात. २६ दिवसांचे १,४३०. चहा-वडापावचे १,३०० तर मी आधीच सांगितलेत, ते ‘बाहेरचं’ म्हणून लिहिले होते, पण बाहेरचं कसलं ते, कँटीनचा नाश्ताच तो. दोन्ही मिळून २,७३०.

हे २,७३० बाजूला काढले तर आमचं खाणं २२,७०० नाही, १९,९७० आहे. आणि २०२३ ला होतं २४,३००. म्हणजे मी ४,३३० नी कमी केलंय! तेल वाढलं, पोरगा वाढला, सासूबाईंचं पथ्य वाढलं, तरीसुद्धा. सैल हात म्हणे.

कपड्यांतही काकांचं खरं निघालं. यंदाच्या १,१५० मधले ६०० नवऱ्याचे. गोदामात ‘सुपरवायझर आहात, नीट शर्ट घाला’ म्हणतात, देत काही नाहीत. बुटांचे १,४०० मी ‘इतर’ मध्ये टाकले होते. आम्हा तिघांचे मिळून महिन्याला ५५० उरतात. २०१२ ला चौघांचे ७५० होते, आणि तेव्हाचे ७५० म्हणजे आजचे दीड हजार, सर, बरोबर ना? तर कपड्यांत आम्ही २०१२ च्याही मागे गेलोय आणि १९ टी-शर्टांमुळे कळत नाहीये. ते फाटतील तेव्हा बघू.

पान नवऱ्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून दोनदा बेरीज केली. ‘हं’ म्हणाला. सतरा वर्षांच्या संसारात ‘हं’ म्हणजे काय ते मला समजतं, पण मी एवढ्यावर सोडणार नव्हते. विचारलं, तिथे जेवायला काय असायचं? तर सोमवारपासून शनिवारपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. मंगळवारी उसळ, बुधवारी अंडाकरी, गुरुवारी शिरा. ‘शिऱ्यात केळं असायचं, तूप मात्र डालडा.’ सासूबाई आतून ओरडल्या, ‘म्हणजे गुरुवारी रात्री घरी गोड केलं की नको म्हणायचास ते यासाठी होय!’ हे आमच्या घरातलं पंधरा वर्षांचं कोडं होतं.

वहीत आता उजवीकडे एक उभा रकाना आखलाय, ‘कंपनीचं’. मागच्या वर्षांचंही पेन्सिलीने भरतेय, जमेल तसं. मुलाला भाजणी सुरू केली. दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी म्हणाला चीज घालून दे. चीजचा भाव बघून सांगते.

पोळीभाजी ताई, कॉलरवाला शिंपी आमच्याकडे सेक्टर पाचमध्ये एका इमारतीच्या जिन्याखाली बसतो, पाटी नाही. दुपारी एक ते चार घरी जातो. चार शर्ट एकदम दिलेत तर सत्तरला करील, पण कापड धुऊन द्या, इस्त्री करून नको.